दहावा वाटा

जहाजावरचा काटा पौंडात बोलतो.
रविवारी, आमच्या रात्री, त्यांच्या दुपारी,
पुरसो फोनवर आकडा सांगतो
जसं कुणी गावचं पाऊसपाणी सांगावं:
एकशे सत्त्याऐंशी.
मी "बरं" म्हणते
आणि काजूच्या जुन्या पावतीमागे मांडून बसते.

रीत फिलूची. कुळागराच्या पलीकडे राहते ती.
तिच्या नवऱ्याची तीस वर्षं समुद्रात गेली.
विहिरीवर तिने कळशी अर्धी ओतून दाखवली,
उरलेल्यातलं तांब्याभर पुन्हा ओतलं:
"अर्धे कर. अर्ध्यातला दहावा वाटा काढ.
उरेल तो तुझा किलो."

लेक हसते. मोबाईल सांगतो म्हणते, दशांशासकट.
सांगू दे.
मला खोबरं किसता किसता येईल असा हिशोब हवा.

तशी पौंडाची ओळख जुनी.
मी जन्मले तेव्हा पाच पौंडांची होते,
आई अजून तसंच सांगते,
किलोत सांगितलं तर जणू मी कुणी दुसरीच.

चौऱ्याऐंशी निघाले तेव्हा खूश झाले होते.
लग्नात अंगरखा त्याच्या खांद्यावर
दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा.
मग एकशे एकोणऐंशी.
मग एकशे बाहत्तर.
"लाँड्रीत गरम होतं गो," म्हणाला, "बरे आसा."
चादरी मोजायचा तो, दिवसाला नऊशे.
शेवटच्या फोनला एकशे पासष्ट.
अर्धे साडेब्याऐंशी, त्यातून सव्वाआठ,
उरले सव्वा चौऱ्याहत्तर.
शेगडीवर पेज उतू गेली.

दहा किलो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
सोसायटीतल्या उकड्या तांदळाची पिशवी,
कमरेवर घेतली
की देवळाच्या चढणीला दोनदा टेकवावी लागते.
तेवढा नवरा कुठल्या दोन बंदरांच्या मध्ये
सांडला, ते कुणी सांगत नाही.

मार्चअखेर मोपाला उतरला.
दोन बॅगा, दोन्हींवर चिठ्ठी: पन्नास पौंड.
डोक्यात आपोआप झालं, साडेबावीस.
बॅगा भरभक्कम, चेनीला दोरी बांधलेली.
शर्टात मात्र वारा खेळत होता.
चॉकलेटं, साबण, टॉवेल,
लेकीला बूट, एक नंबर लहान.

बुधवारी डिचोलीला बाबुसोच्या दुकानात
काजूच्या बिया घालायला गेलो.
गोणी उतरली आणि मी म्हटलं, चढ.
तो लाजला. रांगेतली माणसं बघत होती.
"चपला काढ," बाबुसो म्हणाला,
"मी बियांचे पैसे देतो, चपलांचे नव्हे."
काटा डुलला, थांबला:
चौऱ्याहत्तर आठशे.

मी पदरातली पावती काढली. सव्वा चौऱ्याहत्तर.
"पौंडावरून काढलंस?" बाबुसोने चष्मा वर केला.
"ती रीत कच्ची. दर खेपेला अर्धा किलो खाते,
वर थोडं चाखते."

म्हणजे दर रविवारी
मी त्याला अर्धा किलो कमी लिहीत आले.
तो होता तेवढा होता. चादरी मोजत,
माझ्या कागदाबाहेर.

"काय झालं?" त्याने विचारलं, चपला घालत.
काही नाही म्हटलं. बियांचे पैसे मोजून घेतले,
त्यात दहा रुपये कमी होते, ते मागून घेतले.

घरी येताना फिलू विहिरीवर दिसली,
कळशी काठावर टेकवून उभी.
पुरसोला बघून ओरडली, "किती रे झालास?"
सांगावं असं तोंडापर्यंत आलं,
की तुझ्या रितीत चूक आहे.
पण तिचा हिशोब तीस वर्षांचा,
आणि माणूस आता काट्यावर चढायला नाही.

"सव्वा चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.
"बघ," ती म्हणाली, "बरोब्बर येतं."