छाट

अनुदान तीन हजार दोनशे. सातवी ब. पट एक्केचाळीस.
बिल मार्चअखेरच्या आत.
केंद्रप्रमुख फोनवर एवढंच बोलले:
संस्कारक्षम बघा मॅडम, आणि जाड नको.

शनिवारची शाळा सुटल्यावर
नव्या पेठेतल्या दुकानाच्या माळ्यावर बसते मी.
पंखा नाही. पत्रा तापलेला.
खालून कारकून ओरडतो, सेट देऊ का?
पन्नास पुस्तकं, चाळीस टक्के सूट.
सेट नको.
सेटमधली सगळी मुलं पहाटे उठतात,
नदीवर पोहतात, खरं बोलतात.
आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी.

माझी पद्धत साधी आहे.
सतरावं पान उघडायचं
आणि शेवटच्या बाकावरचा इरण्णा आठवायचा.
तो खिडकीकडं बघायला लागला, की पुस्तक डावीकडं.

डावीकडचा ढीग गुडघ्याला लागतो.
त्यात गरीब मुलगा फक्त पहिला येण्यापुरता गरीब,
आजारी मुलगी मरता मरता सगळ्यांना क्षमा करणारी,
आणि विनोद म्हणजे जाड मुलगा.
एकात मुसलमान मुलगा येतो, एकदाच,
शिरखुर्म्याचा डबा घेऊन.
मुजम्मिल विचारणार मला,
बाकीचे अकरा महिने हा कुठं असतो ओ मॅडम?

उजवीकडं थोडीच.
कासवांचं एक, चित्रं नीट असलेलं.
घरातून पळालेल्या मुलीचं एक,
ती परत येते पण माफी मागत नाही
(पालकसभेत निघेल हे. निघू दे).
आणि एक निव्वळ भुताचं. त्याच्या दोन प्रती.

मग हाताला लागतं ते निळं, पातळ.
नवव्या पानावर बाप मरतो.
चांगलं लिहिलंय,
म्हणजे मला माळ्यावर बसून चष्मा पुसावा लागला.
पण दुसऱ्या बाकावर श्रावंती येमूल बसते
आणि तिचे वडील दिवाळीच्या आधी गेले,
रात्रपाळीला, टॉवेलच्या मागावरच.
डावीकडं ठेवलं. उचललं. परत ठेवलं.
शेवटी पिशवीत घातलं, स्वतःच्या पंच्याऐंशी रुपयांनी,
आणि शाळेच्या कपाटात सारलं,
खडूच्या खोक्याआड.

कपाटातलं सगळं मुलांना माहीत असतं.

आठवड्यानं मधल्या सुट्टीत श्रावंती ते घेऊन उभी.
"मॅडम, हे छाटात टाकलं होतं का?"
मी बार्शीची, विडीतलं मला कळत नाही.
तिनं दाखवलं, हातांनीच:
अम्मा हजार विड्या वळून कारखान्यात नेते,
तिथला माणूस बोटानं दाबून बघतो
आणि दोन-तीन कट्टे बाजूला सारतो.
ती छाट. तिचे पैसे नाहीत.
"पण परत पण देत नाहीत की.
कुणीतरी ओढतंच ना ती."

मी जपून विचारलं, कसं वाटलं पुस्तक?
"चुकलंय."
कुठं?
"बाराव्या पानावर. आई रडताना नुसती बसलीय,
हात रिकामे. असं कोण रडतं?
आमची अम्मा पानं कापता कापता रडली.
कात्री थांबली नाही.
पानं भिजवलेलीच असतात,
काही फरक पडला नाही."

बाहेर घंटा झाली.
पुस्तकावर रेघ मारली म्हणून
मी मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावते.
त्या दिवशी मीच पेन्सिल दिली, टोक काढून.

आता बाराव्या पानावरच्या आईच्या हातात कात्री आहे,
जरा मोठीच झालीय, कोपरापर्यंत.
मांडीवर सूप, सुपात पानं.
रजिस्टरला शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
ते मला अजून सुचलेलं नाही.
पुस्तक पंधरा दिवसांपासून इरण्णाकडं आहे,
मागितलं की म्हणतो, उद्या आणतो की.

भुताच्या दोन्ही प्रती हरवल्या.
केंद्रप्रमुखांना काय सांगायचं, बघू.