उतार

वाल्पाराइसोच्या टेकडीवर घर बघायला जाशील
तर खिशात गोटी असू दे, यास्ना.
ताज्या रंगाला भुलू नकोस;
तेवढीच भिंत का रंगवली, विचार.
कपाटामागे हात घाल, ओल बोटांना कळते.
भूकंपाचं कुणी खरं सांगत नाही,
दारं लावून बघ.
मग गोटी ठेव जमिनीवर.

यास्नानं ठेवली.
गोटी घरंगळत थेट फ्रिजखाली.

म्हातारा एलेउतेरिओ गुडघ्यांवर बसला,
झाडू आत घातला.
तीन गोट्या निघाल्या.

"ही तुझी.
ही गेल्या महिन्यातल्या जोडप्याची, पुन्हा फिरकले नाहीत.
आणि ही,"
त्यानं सदऱ्याला पुसली,
"माझी. एक्केचाळीस वर्षं झाली.

भावात उतार मागायचा
तर आत्ताच माग."