पाच चाळीसला खुला होता

उणे एकोणीस. वारा उत्तरेचा, आडवा.
तिसऱ्या वळणावर बर्फ नाही, काच आहे; साखळ्या चढवा.
बोगद्यातले पंखे चालू.
तो-अशूचा घाट पाच चाळीसला खुला होता.

इतकं बोलून झूराकान फोनवरचा अंगठा उचलते
आणि तिचा आवाज डोंगराच्या दोन्ही अंगांनी उतरू लागतो:
इकडे कारा-बाल्ताच्या चहाखान्यात, जिथे ड्रायव्हर
पाव बुडवता बुडवता थांबतात,
तिकडे सुसामिरच्या पठारावर, घोडे भरलेल्या ट्रकात,
तोक्तोगुलचा मध घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या
कोटाच्या आतल्या खिशात.

'होता' काय म्हणतेस एजे? नवी पोरं चिडतात.
'आहे' म्हण की. आम्हाला निघायचंय.

ती चुलीत गोवरी सारते.
रस्तेखात्याचा जुना डबा, चाकं काढलेला, हेच ठाणं.
भिंतीवर खात्याने बसवलेलं यंत्र आहे;
उणे पंचविसाच्या खाली ते स्वतःच गारठून गप्प होतं.
मग ती झेंड्याच्या दोरीचं ऐकते.
दोरी खांबावर टकटकतेय तोवर ठीक,
शीळ घालू लागली की अडसर टाकायचा.

बाकीचं माणसं सांगतात.
एर्मेक म्हणतो, काही नाही एजे, भुरभुर आहे:
त्यात एक वीत मिळवायची.
तुर्दुबेक दोन कण पडले तरी आईची आठवण काढतो:
त्यातलं निम्मं सोडून द्यायचं.
वऱ्हाडाची मिनीबस काही बोलली नाही,
नुसता समोरच्या काचेचा फोटो पाठवला, पांढरा, कोरा.
इतका नेमका निरोप तिला अजून कुणी दिलेला नाही.

तीन हिवाळ्यांमागे ती म्हणाली होती, घाट खुला आहे.
सहा दहा झाले होते. खोटं नव्हतं ते.
सहा पंचविसाला कादिरकुल चौथ्या वळणाआधी थांबला,
वाटेत दगड आलाय, मागच्यांना सांग,
एवढंच कळवायला.
निरोप बावीस सेकंदांचा.
अकराव्या सेकंदाला त्याच्या आवाजामागे
कुणीतरी फार मोठं कापड फाडतं.
मग तो: बंद कर एजे. बंद कर.
आत्ता मला ओलांडून एक पांढरी झिगुली पुढे गेली.
उजवा दिवा नव्हता तिला.

दोन दिवस खणलं.
कठड्याचा वाकलेला पत्रा मिळाला, एक मेलेला कोल्हा.
गाडी नाही.
मे महिन्यात बर्फ वितळला, ओढा फुगला, उतरला,
तरी गाडी नाही.
म्हणजे पार झाली असेल, सगळे म्हणाले.
तीही हो म्हणाली.
पार झालेली माणसं मागे वळून सांगत नाहीत,
त्यांचा चहा घरी निवत असतो.

तेव्हापासून ती क्रियापद जपून वापरते.
पाव सकाळचा असेल तर सकाळचा म्हणूनच विकावा,
तसं.

आता खालून एर्मेक:
सहावं वळण, काही नाही एजे, भुरभुर.
ती बाहेर कान देते. दोरी टकटकतेय.
एक वीत मिळवते, अंगठा ठेवते.

सहा पाच. उणे अठरा.
सहाव्या वळणावर वीतभर ताजा बर्फ, सावकाश या.
घाट सहा पाचला खुला होता.
आणि पांढरी झिगुली, उजवा दिवा बंद असलेली,
त्या दिवशी पोचली असशील
तर कळव.