घेर

सकाळी सातला सिस्टर लिझी पोटाचा घेर मोजते.
टेप बेंबीवरून नेते, पाठीखालून ओढून घेते,
आणि पाठीशी टेप पिळलेली असते, रोज.
तीन दिवस मी गप्प राहिले.
चौथ्या दिवशी म्हटलं, बाई, ही तुमची टेप ताणली गेलीय,
फुटाला सूतभर खोटं बोलते.
एकतीस वर्षं जिन्याखाली बसून
अख्ख्या डॉकयार्ड रोडचे ब्लाउज शिवलेत मी.
ती हसली. तिने लिहिलं, अठ्ठ्याण्णव.
सेंटिमीटर मला अंगाला लागत नाहीत.
मनात इंच केले: साडेअडतीस, वर एक सूत.

मंगळवारी पाणी काढलं.
डॉक्टर पोरगेला, कानामागे घाम.
त्याने दोन बोटांनी कातडी खाली ओढली,
सुई घातली,
मग कातडी सोडून दिली.
म्हणजे वरचं भोक आणि आतलं भोक
समोरासमोर येत नाहीत. गळत नाही.
दुखलं. पण दुखता दुखता मी ते ओळखलं.
अस्तर असंच जरा सरकवून
आम्ही टाका लपवतो.
कुणी शिकवलं रे? म्हणाला, मॅडमनी.
मॅडमना सांग, हात बसलाय.

बाटलीत चार लिटर,
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीचा रंग.
एक कळशीसुद्धा भरली नसती,
आणि मी आठवडाभर तिच्याखाली श्वास घेत होते.

दुखणं दहापैकी किती, सगळे विचारतात.
मी म्हणते, डाव्या कुशीला उसवल्यासारखं,
आणि मागे, हुकाच्या पट्टीत,
कुणी दोन नंबर लहान शिवल्यासारखं.
ते सात लिहितात.
औषध कडू, पाच मिली, दर चार तासांनी.
रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोनची हाक टळते.
दुखणं सैल होतं, आतडं आवळतं.
पाचव्या दिवशी एनिमा.
पडदा ओढला तरी शेजारच्या झुलेखाबीला सगळं ऐकू येतं.
तिचा अर्धा जबडा काढलाय, बोलता येत नाही.
पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवते, टक टक:
झालं का?
मी चमच्याने उलट वाजवते, एकदाच:
नाही गं बाई.

पहाटे चारचा डोस उतरला की
एक तास असतो.
खिडकीत गोदीची क्रेन, टोकाला लाल दिवा.
त्या तासात मी इथल्या गाऊनचा गळा बघत बसते.
काय बेतलाय!
मागच्या नाड्या बरोबर मणक्यावर येतात,
जिथे माणूस रात्रंदिवस पडून असतो तिथेच गाठ.
नाडी कुशीला हवी. कुणाला सुचलंच नाही.
कापणाऱ्याने कधी निजून पाहिलं नसेल.

काल डॉक्टर पलंगावर बसला.
म्हणाला, आता तीन दिवसांतच भरतंय,
काढायचं की राहू द्यायचं, तुम्ही ठरवा.
खाली बघत होता.
त्याच्या शर्टाचं दुसरं बटण
भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं.
मी म्हटलं, आधी माप तर नीट घेऊ.

आज हेमांगी माझी टेप घेऊन आली.
पिवळी, पितळी टोकाची,
अठ्ठावीसवर शाईचा डाग.
सून आहे, पण हात लावायला घाबरते.
टेप पोटावर नुसती ठेवलीन, वाऱ्यावर दोरी ठेवावी तशी.
ओढ, मी म्हटलं.
दुखेल, आई.
ओढ गं. ढिलं माप घेतलं की पुढचं सगळंच चुकतं.
तिने ओढली.
डोळ्यांपुढे पांढरं झालं,
दांडीवर पलीकडून टक टक.

दुखलं ना?
हो.
पावणेचाळीस. लिही.