अठरा चाळीस

मी शर्यत बघत नाही.
माझी खिडकी परतीच्या रस्त्यावर,
पत्र्याच्या खोलीला, हातभर रुंद.
आधी आवाज येतो, मग धूळ,
मग गाडी, दम खात, काच खाली करत,
आणि एक हात बाहेर येतो.
त्या हातात मी चिठ्ठी ठेवतो.

पट्टी जुन्या युद्धातल्या विमानांची.
विमानं गेली, भेगांतून आता
न पेरलेली कॅनोला उगवते, पिवळीधमक.
सासकॅचवनच्या या टोकाला शनिवारी
ऐंशी-नव्वद किलोमीटरवरून लोक येतात,
ज्या गाडीतून दूध आणायचं
तीच गाडी घेऊन.

डिक्क्या रिकाम्या होतात गवतावर:
मुलाची खुर्ची, हॉकीच्या काठ्या,
कुत्र्याच्या खाण्याचं पोतं,
लायब्ररीचं पुस्तक, मुदत उलटलेलं.
ताडपत्रीवर सगळा संसार उघडा.
कुणी चोरत नाही. हसतही नाही.

काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं
ज्यानं त्यानं आपला आकडा लिहायचा:
पाव मैल, मी इतक्या सेकंदांत.
इथे बक्षीस वेगाला नाही,
शब्दाला जागण्याला आहे.
बोललात त्याहून लवकर पोचलात
तरी बाद.
नवख्यांना हे सांगता सांगता
माझा घसा कोरडा पडतो.

ओरिसिया बोइचुक. दवाखान्यात रक्त काढते.
सात जणांची व्हॅन, मागच्या दाराला गंज.
आकडा अठरा चाळीस.
शेजारी लायल फ्रीसन, वय एकोणीस,
मस्टँग, अर्धी त्याची, अर्धी बँकेची. तेरा दहा.
संथ गाडी आधी सोडतात, असा नियम.
म्हणजे त्या पोरानं पाच सेकंद आणि वर थोडं
पाय आवरून
एका व्हॅनची पाठ बघायची.
एकोणिसाव्या वर्षी पाच सेकंद म्हणजे
पेरणी ते कापणी.

"एसी बंद कर गं," कुणीतरी ओरडलं,
"पट्टीवर पाणी ठिबकतंय!"
मग दिवे. पिवळा, पिवळा, पिवळा.
मला दिसत नाहीत, पण माहीत आहेत.
ऐकू आली व्हॅन,
मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखी,
मग बराच वेळ नुसता वारा,
मग मस्टँग,
आभाळ टराटरा फाडत.

प्रिंटर कुरकुरला. मी वाचलं. पुन्हा वाचलं.
अठरा एकोणचाळीस.
एका सेकंदाचा शंभरावा तुकडा.
दिवसभर तोंडावर येणारा वारा
नेमका तेव्हाच फिरला होता.
रेषेवर पुढे ती होती.
हरली ती.

लायलचा हात आधी आला.
"जिंकलास," मी म्हटलं.
"मी तर मागे होतो."
"होतास."
त्यानं चिठ्ठी दोनदा दुमडली, दंडाची पावती असावी तशी,
आणि काच वर केली.

मग ती. चष्मा कपाळावरून नाकावर.
मी दोन शब्द तयार ठेवले होते,
असे शब्द खिडकीत ठेवावे लागतात.
तिनं आकड्यावर बोट ठेवलं,
शीर सापडते का बघावं तसं.
"दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत हिला," म्हणाली,
"आणि आज पहिल्यांदा
मला न विचारता काहीतरी करून आली."
मग हसली, इतकी, की मागचा ट्रकवाला हॉर्न द्यायचा थांबला.
"अजून एक मिळेल? फ्रिजवर लावायला."
माणशी एकच, असं पाटीवर लिहिलंय.
पाटी माझ्याच अक्षरात आहे.
मी दुसरी छापली.

सोमवारी, पोस्टापाशी चौकात,
चारी बाजूंना थांबा, आणि चारी बाजूंना कुणी नाही,
तरी व्हॅन पुरती थांबली.
काचेवरचा अठरा धुऊन गेला होता,
चाळीस तेवढा शिल्लक.
तिनं स्टीअरिंगवरून एक बोट उचललं,
आमच्याकडे नमस्कार तेवढाच असतो.
मीही उचललं.
पन्नासची हद्द. ती पन्नासनंच गेली,
वारा मागून असूनही.