मागं घेताना

आवाज एकदाच येतो.
सकाळी सव्वासातला, शहापुरातल्या आमच्या बोळातून
गाडी मागं घेऊन ब्रेक दाबला की – टक्.
लगेच परत दाबला तर नाही.
पुढं जाऊन, थांबून, पुन्हा मागं घेतली तर मग परत.
समोरच्या हुद्दारांचं कुत्रं मान वर करतं,
म्हणजे मला भास होत नाही.

मी कोर्टासमोर टेबल टाकून बसते.
कानडी उतारे मराठीत करून देते, मराठी अर्ज कानडीत.
शब्द अडला की लोक माझ्याकडं येतात.
पण सर्व्हिस सेंटरच्या काचेआड, एसीच्या गारठ्यात,
संगमेशपुढं उभी राहिले
आणि एका आवाजाचं भाषांतर जमेना.
ठक? नाही. खडखड? नाही हो, खडखड वेगळी.
कुलूप पडावं तसं, पण आत कुठंतरी. डावीकडं.
त्यानं एकच शब्द टाइप केला: नॉईज.

गेटवरच्या वॉचमननं गाडी मागं लावून घेतलेली.
टेस्टला बसलेला पोरगा ती आणखी मागंच घेत गेला, भिंतीपर्यंत,
आणि गाडी गप्प, पाहुण्यांपुढं बसवलेल्या पोरीसारखी.
(त्या दिवसाचा टक् वॉचमनच्या वाट्याला गेला होता,
हे मला फार उशिरा कळलं.)
"सद्दु इल्ला, मॅडम."
आवाज नाही. हे भाषांतर सोपं होतं.

दुसऱ्या खेपेला सस्पेन्शन. अठरा हजार चारशे.
तिसऱ्या खेपेला, ह्या मॉडेलला असतंच हे.
मध्ये मावसभावाच्या साखरपुड्याला कोल्हापूरला गेले,
कोगनोळीचा नाका ओलांडून, त्याच कंपनीच्या शोरूमला.
तिथल्या बाईनं चहा दिला, गोड मराठीत विचारपूस केली,
मग नंबरप्लेट बघितली. केए बावीस.
"तुमचं काम तिकडचं ना? मग तिकडंच दाखवा."
हे वाक्य ऐकायची मला सवय आहे.
गाडीच्या बाबतीत मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी उद्यमबागेत, लेथच्या तेलकट बुऱ्यात, दस्तगीर.
त्यानं बॉनेट उघडलं नाही. काही लिहून घेतलं नाही.
"पुढं घ्या अक्का. दाबा ब्रेक. आता मागं."
चालत चालत मडगार्डवर तळवा ठेवला, नुसता ठेवला.
टक्.
"आलं की ओ!" म्हणाला,
जसं काही मीच बरोबर उत्तर दिलं होतं.
चाक काढलं. ब्रेकचं पॅड आपल्या बैठकीत
नखभर सरकत होतं, पुढं जाताना ह्या कडेला,
मागं येताना त्या.
मधली चिमटीत मावेल एवढी पत्र्याची क्लिप, तीच नाही.
"दिवाळीत पॅड बदलले न्हवं? तवा बसवायला इसरलेत बगा.
त्यांच्याच झाडूला घावली असंल."
एकशे साठ रुपये. चहा त्याच्याकडून.

घरी येऊन जॉबकार्डावरचं इंग्रजी मराठीत केलं,
कुणी सांगितलं नव्हतं, हाताला सवय:
"तक्रारीत तथ्य आढळले नाही."
मग ग्राहक मंचाचा अर्ज लिहायला घेतला,
पक्क्या, सरकारी कानडीत,
एक काना इकडचा तिकडं होणार नाही असा.

तेवढ्यात संगमेशचा फोन.
"मॅडम, कंपनीकडून कॉल येईल. दहापैकी दहा सांगा, हं?
नऊ दिलं तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात."
मराठीत. स्वच्छ, निपाणीकडच्या मराठीत,
चार महिन्यांत पहिल्यांदा.
"तुम्ही मराठी?"
"आई. आई तिकडची."
मागं कुणीतरी व्हील गनचा खटका दाबला,
त्यात पुढचं ऐकू आलं नाही.

अर्ज अर्धा पडलाय. कंपनीचा कॉल अजून यायचाय.
सकाळी गाडी मागं घेते, ब्रेक दाबते.
काही वाजत नाही.
हुद्दारांचं कुत्रं तरीही मान वर करतं
आणि थोडा वेळ तशीच ठेवतं.