हातचा एक

गॅसच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला
हेस्टरने उभी रेघ मारली.
डावीकडे ब्रिस्टल, उजवीकडे संडरलंड.

भाडं चौदाशे ऐंशी. तिकडे सहाशे पंच्याहत्तर,
वर मागे फरसबंद अंगण.
कौन्सिल टॅक्स एकशे पासष्ट, तिकडे एकशे अठ्ठावीस.
गॅस नि वीज मात्र तिकडे जास्त:
समुद्राचा वारा दाराखालून आत येतो
आणि मीटर फिरवतो,
असं तिच्या भावाने, नेव्हिलने, कळवलंय.

बेरीज तिने केली, मी केली.
जुळेना. दहा पौंडांचा फरक.
हातचा एक मी विसरलो होतो.
शाळेतही विसरायचो.

मग बिनकिमतीच्या गोष्टी आल्या.
आमची गल्ली, इतकी खडी
की डिसेंबरात पोस्टमन कुंपण धरधरून चढतो.
ऑगस्टच्या पहाटे खिडकीतून तरंगत जाणारे
गरम हवेचे फुगे, माणसांसकट.
खालच्या मिसेस अडेयेमी:
त्यांच्याकडे आमची किल्ली,
आमच्याकडे त्यांच्या गोळ्यांचं वेळापत्रक.
हे कुठल्या रकान्यात?
डावीकडे लिही, मी म्हणालो. तिने लिहिलं,
आकड्याच्या जागी नुसती टिंबं.

उजवीकडे समुद्र, पायी बारा मिनिटं.
अनोळखी दुकानदारही 'पेट' म्हणतो,
म्हणजे राजा, सोन्या, काहीही.
मी लिफ्ट दुरुस्त करणारा;
तिकडे उंच इमारती कमी,
तेव्हा पगारही बुटका.
सीगल दोन्हीकडे सारखेच चोर. ते खोडले.

मग ती पेन टेबलावर वाजवत बसली.
आणि उजवीकडे, अगदी तळाशी,
बारीक अक्षरात लिहिलं:
बाथटब.

अकरा वर्षं आम्ही उभ्यानेच अंघोळ करतो,
टेलिफोनच्या खोक्याएवढ्या काचेत.
दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात ती उभी,
तीनशे पोरांचे बटाटे,
घरी येऊन पुन्हा उभीच.
पाण्यात आडवं व्हायचंय,
असं कधी बोलली नाही.
बोललीही असेल.
मी असेन कुठेतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेला.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये म्हणतात.
पण हातचं कोणतं, हे आधी
कुणीतरी सांगायला हवं ना.
मी पुन्हा वरपासून बेरीज सुरू केली,
या वेळी बोट दुमडून, हातचा धरून.

तेवढ्यात खालून झाडूचा दांडा वाजला, दोनदा.
आठ वाजले. पांढरी की गुलाबी?
"गुलाबी!" हेस्टर जमिनीकडे वाकून ओरडली,
आणि तरी जिना उतरून गेलीच, खात्री करायला.
पेन तिथेच, टोपण उघडं.
माझं बोट दुमडलेलं.